एका सहीचा प्रश्न

गेल्या आठवड्यात एका बातमीसाठी सोलापूरला गेलो होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक अण्णा आहेत, जुनी ओळख. त्यांचा माल अमेरिकेला जातो. म्हणजे जायचा. ऑगस्ट 2025 पासून तिथं भारतातल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लागलं होतं. आधी 25 आणि मग रशियाच्या तेलाचं निमित्त करून वर आणखी 25. अण्णांच्या गोडाऊनमध्ये पॅक केलेले खोके छतापर्यंत रचलेले. चहा सांगितला आणि म्हणाले, "पत्रकारसाहेब, एक सांगा. आपल्याकडं जीएसटीचा दर बदलायचा तर कौन्सिल बसते, राज्याराज्यांचे मंत्री भांडतात. तिकडं एक माणूस सही करतो आणि विषय संपला? त्यांच्याकडं पार्लमेंट नाही का?"

मी म्हटलं, आहे की. अडीचशे वर्षं होत आली.

"मग ते काय करतंय?"

चहा संपेपर्यंत मला याचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

त्याच रात्री शाळेतल्या एका मित्राला फोन लावला. टेक्सासमध्ये असतो, वीस वर्षं झाली. आता तिथला नागरिक आहे, रिपब्लिकन पक्षाला मत देतो आणि ते लपवत नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे त्याच्यावर तुटून पडतात, पण गडी वाचून बोलणारा आहे. मी विचारलं, "तू स्वतःला कंझर्व्हेटिव्ह म्हणवतोस, म्हणजे नेमकं काय रे?" तो म्हणाला, "सोपं आहे. ज्यांनी हा देश उभा केला त्यांनी सरकारला ज्या मर्यादा घातल्या, त्या जपायच्या. बाकी सगळं त्यानंतर."

मला ही व्याख्या पटली. आज मी तीच फूटपट्टी घेऊन मोजणार आहे. फूटपट्टी माझी नाही, त्याची आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. कंझर्व्हेटिव्ह म्हटलं की आपण मराठीत 'सनातनी' नाहीतर 'पुराणमतवादी' म्हणून मोकळे होतो. युरोपात ते बऱ्यापैकी लागूही पडायचं. तिथला जुना कंझर्व्हेटिव्ह राजा, चर्च आणि जमीनदार यांच्या बाजूनं उभा असायचा. अमेरिकेत गंमत उलटी आहे. तिथं राजाला हाकलूनच देश सुरू झाला. त्यामुळं तिथल्या कंझर्व्हेटिव्हला जपायला जे मिळालं ते एका बंडाचं कागदपत्र. 1776 चा जाहीरनामा आणि 1787 ची राज्यघटना.

त्या बंडाचं मूळ कशात होतं? 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या हे शाळेत शिकलोय. शाळेत एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. त्या वर्षीच्या कायद्यानं चहा महाग होणार नव्हता, उलट स्वस्त होणार होता. भांडण किमतीचं नव्हतंच. आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर लावणारे तुम्ही कोण, हे भांडण होतं. तीन वर्षांनी जाहीरनाम्यात राजा तिसऱ्या जॉर्जविरुद्धच्या तक्रारींची यादी आली. त्यात जगाशी चाललेला आमचा व्यापार तोडला आणि आमच्या संमतीविना कर लादले, या दोन्ही तक्रारी एकाखाली एक आहेत.

मग 1787 मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसले. तेव्हा या मंडळींनी सगळ्यात जास्त विचार कशाचा केला असेल, तर सत्ता एका हातात जाऊ नये याचा. जेम्स मॅडिसनचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस काही देवदूत नाही. राज्य करणाराही नाही. तेव्हा चांगला माणूस निवडून येईल या भरवशावर राहू नका. अशी रचना करा की एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला अडवेल. म्हणून कर आणि आयात शुल्क लावायचा अधिकार राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात काँग्रेसला दिला. (आपली काँग्रेस नव्हे. त्यांच्या संसदेचं नाव काँग्रेस.) त्यातही कराचं विधेयक आधी लोकांनी थेट निवडलेल्या खालच्या सभागृहातच मांडायचं. राष्ट्राध्यक्षाकडं फौज दिली, पण तिजोरीची किल्ली दिली नाही.

अमेरिकन कंझर्व्हेटिव्ह चळवळ गेली सत्तर वर्षं याच गोष्टीवर उभी राहिली. 1955 मध्ये विल्यम बकलीनं 'नॅशनल रिव्ह्यू' नियतकालिक काढलं. 1964 मध्ये बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला उभा राहिला आणि दणकून हरला. 1980 मध्ये रोनाल्ड रेगन निवडून आले. सगळ्यांची पट्टी एकच होती: वॉशिंग्टनमधलं सरकार घटनेनं आखलेल्या रेघेबाहेर चाललंय, त्याला रेघेत आणा.

आता याच फूटपट्टीनं अण्णांचे खोके मोजू.

टॅरिफ म्हणजे पाप, असं माझं म्हणणं नाही. नव्या अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसनं केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांत एक टॅरिफचाच होता. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टननं सही केली ती तारीख 4 जुलै 1789. अलेक्झांडर हॅमिल्टननं 1791 मध्ये आपल्या कारखान्यांना संरक्षण द्या म्हणून अख्खा अहवाल लिहिला. लिंकनचा रिपब्लिकन पक्ष तर टॅरिफवालाच होता. 1930 चं जे बदनाम टॅरिफ, ज्यानं मंदीच्या काळात जगाचा व्यापार आणखी आवळला, तेसुद्धा रीतसर काँग्रेसनं मंजूर केलं होतं. चुकीचं होतं, पण ज्यांच्याकडं अधिकार होता त्यांनी केलेली चूक होती.

2025 चं तसं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी 1977 चा एक आणीबाणीचा कायदा काढला. परदेशातून असाधारण धोका आला तर राष्ट्राध्यक्षाला आर्थिक व्यवहार रोखता यावेत, आयातीचं 'नियमन' करता यावं, असा तो कायदा. त्यात टॅरिफ हा शब्द कुठंही नाही. त्याच्या जोरावर जवळपास सगळ्या जगावर शुल्क लावलं. आपल्यावरचं तेव्हाचं 50 टक्के त्यातलंच.

याविरुद्ध कोर्टात कोण गेलं ते बघा. न्यूयॉर्कची एक छोटी वाइन आयात करणारी कंपनी आणि तिच्यासारखे काही लहान धंदेवाले. त्यांचा खटला 'लिबर्टी जस्टिस सेंटर' या संस्थेनं चालवायला घेतला. ही कुणा डाव्यांची संस्था नाही, सरकार लहान असावं म्हणणाऱ्यांची आहे. वकिलांच्या फळीत बुश यांनी नेमलेले एक माजी न्यायाधीश, मायकेल मॅकॉनेल. 28 मे रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एकमतानं सरकारविरुद्ध निकाल दिला. तिघांपैकी एक रेगनच्या काळात नेमलेल्या, एक ओबामांनी नेमलेला आणि एक खुद्द ट्रम्प यांनी नेमलेला. 29 ऑगस्टला अपील कोर्टानंही 7 विरुद्ध 4 असा तोच कौल दिला. 5 नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. निकाल तेव्हा यायचा होता.

त्या सुनावणीत नील गोर्सच या न्यायमूर्तींनी जे विचारलं, त्यात अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. गोर्सच यांना 2017 मध्ये ट्रम्प यांनीच नेमलं, ते पक्के कंझर्व्हेटिव्ह. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की काँग्रेसनं एकदा अधिकार देऊन टाकला की तो परत कसा घ्यायचा? परत घ्यायचा कायदा केला तर त्यावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरणार. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागणार. म्हणजे सत्ता एकाच दिशेनं सरकत जाणार, परत कधीच नाही.

अण्णा, तुमचं पार्लमेंट हे करत होतं. 1934 पासून थोडा थोडा अधिकार काढून राष्ट्राध्यक्षाच्या ओंजळीत टाकत होतं. रिपब्लिकन असोत की डेमोक्रॅट, दोघांनीही टाकला. कारण टॅरिफवर मत दिलं की कुणीतरी मतदार दुखावतो, त्यापेक्षा वरच्यानं ठरवलेलं बरं. आपल्या नगरपालिकेत नाही का, अडचणीचा विषय आला की सर्वानुमते अध्यक्षांना अधिकार देऊन सभा संपवतात? तसंच. ऑक्टोबरच्या शेवटी सिनेटनं ही टॅरिफ रद्द करायचे ठराव केले खरे. रिपब्लिकनांमधले चारपाच जण फुटून बाजूनं आले, त्यात केंटकीचे रँड पॉल पुढं होते. पण असा ठराव खालच्या सभागृहात मताला येऊच नये, अशी नियमात आधीच सोय करून ठेवलेली. ज्या सभागृहाकडं तिजोरीची किल्ली दिली होती, त्यानंच किल्ली शेजारी ठेवायला दिली.

हे सगळं मी मित्राला ऐकवलं. तो गप्प बसणारा नाही. म्हणाला, "तुला ओहायोतली, पेनसिल्व्हेनियातली गावं माहीत आहेत का? कारखाने चीनला गेले, गावं ओस पडली. तीस वर्षं काँग्रेसनं काय केलं? भाषणं. एक माणूस आला आणि काहीतरी करून दाखवतोय. लोकांनी त्याला त्यासाठीच निवडून दिलंय."

हा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. ज्याच्या गावातली गिरणी बंद पडलीय त्याला मॅडिसन सांगून उपयोग नसतो. हे सोलापूरकरांना मी वेगळं सांगायला नको. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा बंद झाल्यावर काय होतं ते आपण पाहिलंय.

पण मी त्याला एकच विचारलं. 2022 मध्ये बायडेननी काय केलं आठव. विद्यार्थ्यांचं कर्ज माफ करायला निघाले, सुमारे 400 अब्ज डॉलर. काँग्रेसकडं गेले नाहीत. एक जुना आणीबाणीचा कायदा काढला आणि त्यातल्या दोन शब्दांवर एवढा डोलारा उभा केला. विद्यार्थी खरंच कर्जात बुडालेले होते, काँग्रेस काही करत नव्हती आणि बायडेनही निवडूनच आले होते. 30 जून 2023 ला सुप्रीम कोर्टानं 6 विरुद्ध 3 मतांनी ती माफी रद्द केली. एवढा मोठा निर्णय काँग्रेसच्या स्पष्ट परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणाले. त्या दिवशी तू ग्रुपवर काय टाकलं होतंस? "राज्यघटना जिंकली." मेसेज अजून माझ्याकडं आहे.

थोडा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही. मग म्हणाला, "ते वेगळं होतं." मी म्हटलं, "काय वेगळं होतं?" म्हणाला, "उद्या बोलू, मीटिंग आहे."

मंडळी, मित्राची टिंगल करायला हे लिहीत नाहीये. आपण सगळेच असे आहोत. तत्त्व आपल्याला विरोधकाच्या वेळी दिसतं, आपल्या माणसाच्या वेळी परिस्थिती दिसते.

म्हणून मला गोल्डवॉटर हा माणूस पुन्हा पुन्हा आठवतो. अमेरिकन कंझर्व्हेटिव्हांची पुण्याई आणि पाप, दोन्ही या एका माणसात दिसतं. ऑगस्ट 1974. वॉटरगेट प्रकरणात निक्सन पुरते अडकलेले. निक्सन रिपब्लिकन, गोल्डवॉटर रिपब्लिकन. 7 तारखेला गोल्डवॉटर पक्षाच्या आणखी दोन नेत्यांना घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेला आणि आपल्याच राष्ट्राध्यक्षाला तोंडावर सांगितलं, सिनेटमध्ये तुमच्या बाजूनं आता माणसं उरलेली नाहीत. दुसऱ्या दिवशी निक्सननी राजीनामा जाहीर केला. विरोधकांनी कितीही आरडाओरडा केला असता तरी जे झालं नसतं, ते घरच्या माणसानं तोंडावर सांगितल्यावर झालं.

आणि हाच गोल्डवॉटर दहा वर्षं आधी, 1964 मध्ये, काळ्या लोकांना हॉटेलात, नोकरीत समान वागणूक देणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत देऊन बसला होता. कारण काय दिलं? राज्यघटनेनं केंद्राला एवढा अधिकार दिलेला नाही. मर्यादा, मर्यादा, तेच तत्त्व. ज्याला हॉटेलच्या दारातून हाकलतात त्याच्या पोटात या तत्त्वानं काय पडतं?

इथं 'देश उभा करणाऱ्यांची तत्त्वं' या शब्दांना जरा थांबून बघावं लागतं. सगळी माणसं समान जन्माला आली असं लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. 1787 च्या घटनेत मतदारसंघ मोजताना गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस धरला. हे पण त्याच पूर्वजांचं. मग जपायचं काय?

याचं उत्तर आपल्या पुण्यात एका माणसानं दीडशे वर्षांपूर्वी दिलंय. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, का, तर त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. फुल्यांनी थॉमस पेन वाचलेला. म्हणजे 1776 चं वारं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. तरी दाद दिली ती गुलामी मोडणाऱ्यांना. (आणखी एक गंमत. 1980 ला उमेदवारी स्वीकारतानाच्या भाषणात रेगननी याच पेनचा दाखला दिला. एक लेखक, वाचक दोन, जोतिबा आणि रेगन!)

फुल्यांची दाद खरी धरली तर अमेरिकेची पायाभरणी 1787 ला संपत नाही. यादवी युद्धानंतर 1868 मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली, ती त्याच पायातली चिरा आहे. अमेरिकेत जन्मला आणि तिथल्या कायद्याच्या अंमलाखाली आहे तो नागरिक, असं तिनं लिहून ठेवलं. म्हणजे कोण माणूस आणि कोण तीन पंचमांश हे ठरवायचा धंदा सत्ताधाऱ्याच्या हातातून काढून घेतला. 1898 मध्ये वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते पक्कं केलं.

2025 मध्ये 20 जानेवारीला, पदावर बसल्या दिवशी, ट्रम्प यांनी आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर तिथं जन्मलेलं मूल नागरिक नाही. पुन्हा एक सही. आदेशाचे समर्थक म्हणतात, ती दुरुस्ती मुक्त झालेल्या गुलामांसाठी होती, इतरांसाठी नव्हती. म्हणोत बापडे, वाद घालायला हरकत नाही. पण सव्वाशे वर्षं स्थिर असलेला अर्थ बदलायचा तर घटनादुरुस्तीचा रस्ता आहे. तीनच दिवसांत सिॲटलच्या एका न्यायाधीशानं आदेश रोखला आणि हे उघड घटनाबाह्य आहे असं सुनावलं. त्यांचं नाव जॉन कफेनॉर. नेमणूक कुणी केलेली? रेगननी. 2025 मध्ये कोर्टांनी तो आदेश अडवून धरला.

माझ्या मित्राची लेक टेक्सासमध्ये जन्मली तेव्हा हा एच-वन-बीवर होता आणि वहिनी डिपेंडंट व्हिसावर. हा आदेश मागच्या मुलांना लागू नाही, पुढच्यांना आहे. पण तेव्हा असता, तर ती पोरगी अमेरिकन नसती. आज ती तिथल्या कॉलेजात आहे आणि बापापेक्षा चांगलं मराठी बोलते. हे मी त्याला फोनवर म्हणालो नाही. इथं लिहितोय. तो वाचेल.

26 नोव्हेंबरला संविधान दिन. पोस्ट्सचा पूर येतो. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियात शिकायला गेले, अमेरिकेची राज्यव्यवस्था त्यांना आतून माहीत होती. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकन पद्धतीशी तुलना करून सांगितलं, की त्या पद्धतीत स्थैर्य जास्त आहे, आपल्या पद्धतीत जबाबदारी जास्त आहे, आणि आपण जबाबदारी निवडली. वर्षभरानं, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बजावलं, की माणूस कितीही मोठा असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. ते आपल्यासाठी बोलले होते. पण फिलाडेल्फियातल्या त्या मंडळींना ते भाषण ऐकवलं असतं, तर एकही मान नकारार्थी हलली नसती.

तर माझं मत स्पष्ट लिहितो. अमेरिकन कंझर्व्हेटिव्ह विचार संपला, असं मी म्हणणार नाही. तो जिवंत आहे. त्या वाइनवाल्या कंपनीच्या वकिलांत आहे, रेगनच्या नेमलेल्या न्यायाधीशात आहे, गोर्सचच्या प्रश्नात आहे. पण तो सभेतल्या टोप्यांत आणि घोषणांत नाही. पूर्वजांची तत्त्वं जपणं म्हणजे त्यांचे पुतळे जपणं नव्हे. पूर्वजांनी आखलेली रेघ आपल्याच माणसानं ओलांडली, तर त्याला "मागं हो" म्हणायचं. 4 जुलै 2026 ला त्या देशाला 250 वर्षं, आतषबाजी जोरात. तेव्हा "मागं हो" म्हणणारे किती उरलेत, तेवढंच मी मोजणार आहे.

अण्णांना काल फोन करून हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझे खोके तिथल्या घटनेत अडकलेत म्हणायचे." मी म्हटलं, तसंच काहीसं. ते म्हणाले, "मग निकाल माझ्या बाजूनं नाही लागला तरी चालेल साहेब. पण एका सहीनं नको. चार माणसांनी बसून, मत देऊन लावू दे. मग मी म्हणेन, धंद्यात चालायचंच."

मॅडिसनचं नाव अण्णांनी कधी ऐकलेलं नाही.

तुमचं मत लिहा. टीका चालेल, शिव्याही चालतील, पण मुद्द्यावर द्या. आणि टेक्सासवाल्या, मीटिंग संपली असेल तर फोन कर.